टोपण

सुरू होतं. तक्रार तिथं नाहीच.
दोरीचे पुलीवर तीन वेढे, एक हिसका,
आणि निळा धूर सोडत जागं होतं
एकोणीसशे चौसष्टचं हे गवतकापं,
असं की शेजारचा मर्व खिडकी लावून घेतो.
पण दहा मिनिटं. मोजून दहा.
मग आवाज चढतो, पातळ होतो,
अंजिराच्या झाडाशी पोचता पोचता
मान टाकतं.

सासऱ्याचं यंत्र. सासरा मार्चमध्ये गेला.
गवताला ते कुणी कळवलेलं नाही.
वांगरॅटाच्या या उन्हातही किकुयू घोट्याच्या वर आलंय,
आणि एल्मा, माझी सासू, जाळीच्या दारातून
रोज गवताकडे बघते, मग माझ्याकडे.

घोडं पेंड कुठं खातंय?
आधी पेट्रोल. बाटलीत ओतून उजेडात धरलं:
काळ्या चहासारखं, व्हार्निशचा वास.
फेकलं. नवं आणलं, पंचविसास एक तेल,
क्लॅरी मोजायचा तसं, डोळा मापाच्या रेषेवर आणून.
दहा मिनिटं.

मग नळी. मग पितळी कॉक, त्याच्या पोटातली जाळी,
तिच्यावर गंजाची पूड. नखानं काढली.
कार्ब्युरेटर खोलून जुन्या वर्तमानपत्रावर मांडला,
सुई, तरंगा, वाटी, जेट.
जेटमधून आभाळ दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं, स्वच्छ.
सगळं जोडलं. एक वॉशर उरला.
सगळं परत खोललं.
दहा मिनिटं.

बंद पडल्यापडल्या प्लग काढला: कोरडा.
म्हणजे उपासमार,
टाकी अर्धी भरलेली असताना.

मी रंगारी. मला भिंती कळतात.
क्लॅरी रेल्वेत फिटर, सदतीस वर्षं.
माझ्या हातात पाना दिसला की तो बोलायचा नाही,
नुसता नाकातून श्वास सोडायचा.

शेवटी चिडून टाकीचं टोपण फिरवलं.
सुस्स.
पाण्याखालून वर आलेल्या पोरासारखी
टाकीनं हवा आत ओढली.
टोपण पुसलं, चष्मा लावून पाहिलं. मधोमध एक खळगी,
खळगीत हिरवा रंग. तीन हात, एकही ओघळ नाही.
माझंच काम.

त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला
यंत्र गुपचूप उचलून नेलं होतं, झळझळीत करून आणलं.
टोपणसुद्धा सोडलं नव्हतं.
त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, खळगीशी जरा थांबवला.
मला वाटलं, कौतुक.
‘फिनिश बरं आहे,’ म्हणाला.

म्हणजे चार उन्हाळे
दर दहा मिनिटांनी तो टोपण सैल करत होता,
परत घट्ट करत होता, अंजिराखाली टेकत होता,
एल्मा चहा नेत होती,
आणि आम्ही घरी जाताना गाडीत म्हणायचो,
म्हातारा थकला, दम पुरत नाही आता.
एक टाचणी लागली असती. त्याच्या खणात डबाभर होत्या.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
त्यानं ब्र काढला नाही.

एल्माच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली.
रंगाचा खवला निघाला, तिळाएवढा.
कुठं टाकावा कळेना. खिशात ठेवला.

मग हिसका, धूर, मर्वची खिडकी.
अंजीर मागे पडलं. कपडे वाळवायचा फिरता खांब मागे पडला.
दहावं मिनिट झालं हे कळलं
ते एल्मा बाहेर आली तेव्हा,
हातात कप, कपावर बशी पालथी,
घड्याळ न बघता.
यंत्र थांबलं नाही. ती थांबली,
अर्ध्या कापल्या गवतात, घरातल्या सपातांवर.
तिला वळसा घालून एक पट्टा कापला, मग दुसरा,
मग वाकून पितळी कॉक बंद केला.

वाटीत उरलेल्या पेट्रोलवर
ते आणखी थोडा वेळ चाललं.
आम्ही दोघं उभे होतो, ऐकत.